ठमी, दोन पिल्लं आणि बंद दार

मार्चमधली गोष्ट. नात क्लासहून येताना पार्किंगमध्ये सापडलेली मांजराची दोन पिल्लं ओढणीत गुंडाळून घेऊन आली. "आजी, ठमीला सोबत होईल!" मलाही पटलं. वर्गात नवीन मूल आलं की त्याला एखाद्या जुन्या मुलाशेजारी बसवायचं, आठवड्यात दोघं डबा वाटून खातात, हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव. तेव्हा पिल्लं उचलली आणि थेट ठमीपुढे नेऊन ठेवली.

ठमी फिसकारली, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलवली आणि कपाटावर जाऊन बसली. दोन दिवस जेवायलासुद्धा उतरली नाही. डॉक्टर म्हणाले, "मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर बेततं. आणि हिचं वय तेरा." मला रात्रभर झोप नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे काही बिनसलं की मागे जाऊन बघायची खोड आहे. हे म्हणतात, "तू आता मांजराचीही बखर काढशील." काढली!

2004 साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी सायप्रस बेटावरच्या शिलुरोकांबोस इथल्या एका दफनाची हकिकत प्रसिद्ध केली. काळ सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम चाळीस सेंटिमीटरवर आठेक महिन्यांचं मांजर पुरलेलं. त्या बेटावर रानमांजरं मूळची नाहीत, म्हणजे कुणीतरी होडीतून नेलेली असणार. हे मांजर आपल्या घरच्या मांजरांचं पूर्वज होतं का, यावर वाद आहे. अलीकडच्या डीएनए अभ्यासांचा कल उत्तर आफ्रिकेकडे आहे. पण ओळख इतकी जुनी, हे नक्की.

ही ओळख झाली कशी? शेती आली, कणग्या भरल्या, कणगीमागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. गाईला दावं आलं, बैलाला वेसण आली, मांजराला मात्र कुणी काही बांधलं नाही. त्याचा रानटी पूर्वज एकटा राहणारा, आपापला मुलूख सांभाळणारा. धान्याजवळ खायला भरपूर मिळायला लागलं तेव्हा मांजरं एकत्र राहायला शिकली, पण ती कोण? आई, लेकी, बहिणी. डेव्हिड मॅकडॉनल्ड यांनी इंग्लंडमधल्या शेतांवरच्या मांजरांचा अभ्यास केला, त्यात नात्यातल्या मांजरी एकमेकींची पिल्लं पाजतानाही दिसल्या. परक्या मांजराला मात्र हाकलून लावायच्या. आपलं कोण आणि परकं कोण, हे ठरतं मुख्यतः वासावर. माझी पिल्लं पार्किंगच्या वासाची होती!

हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तबद्दल लिहिताना सांगतो की, बोके मांजरीची पिल्लं पळवून मारतात, म्हणजे ती पुन्हा त्यांच्याकडे यावी. आमच्या आजीने हिरोडोटस ऐकलाही नव्हता, पण मांजर पिल्लांना सात घरं फिरवते आणि बोक्यापासून जपते, हे तिला ठाऊक होतं.

आता साताऱ्याच्या आमच्या वाड्याची गोष्ट. तिथे मांजर कुणी 'आणलं' असं मला आठवत नाही. ती यायची. माझ्या लहानपणी एक काळी मांजर होती, आमच्या आईची लाडकी. एका पावसाळ्यात दुसरीच एक पट्ट्यापट्ट्यांची मांजर माळ्यावर व्याली. काळीने दोन दिवस कौलांवर आरडाओरड केली आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात मुक्काम हलवला. दुधाच्या वेळी मात्र आमच्या मागच्या दारात हजर. कुणी ओळख करून दिली नाही, कुणी समजूत घातली नाही. (फार पिल्लं झाली की पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे, तेही याच वाड्यातले लोक. जुनं ते सगळं सोनं नव्हतं.)

दार उघडं होतं, एवढंच. आणि ते हजारो वर्षं उघडं होतं. ते बंद व्हायला मोठा हातभार लावला तो 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एडवर्ड लो नावाच्या माणसाने. शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली, त्याने तिला ओल शोषणाऱ्या चिकणमातीचे दाणे दिले. त्यातून मोठा धंदा उभा राहिला आणि मांजराला बाहेर सोडायची गरज उरली नाही. ठमी स्वतःच्या पायांनी वाड्यात आली होती. 2015 साली आम्हीच तिला टोपलीत घालून पुण्याला चौथ्या मजल्यावर आणलं आणि गॅलरीला जाळी ठोकली. काळी शेजारी निघून गेली. ठमी कुठे जाणार? कपाटावर!

मग डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. पिल्लं नातीच्या खोलीत, दार बंद. ठमीला हाताने मासे भरवले, तेव्हा कुठे खायला लागली. पिल्लांचा पंचा तिच्या कोपऱ्यात, तिची चादर त्यांच्याकडे. चार दिवस ती पंच्याला वळसा घालून जायची, पाचव्या दिवशी हुंगला. जेवणाच्या ताटल्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना. मग दार बोटभर उघडं, मग वीतभर. पाच आठवडे गेले. नात रोज विचारायची, "आजी, झाली का गं मैत्री?"

मैत्री झालेली नाही. ठमीची ताटली आता वॉशिंग मशीनवर असते, तिथे पिल्लांना अजून उडी मारता येत नाही. पण परवा दुपारी गॅलरीत उन्हाला एका टोकाला ठमी आणि दुसऱ्या टोकाला ती दोघं झोपली होती. मध्ये तुळशीची कुंडी. एक पिल्लू झोपेतच लोळत कुंडीच्या अलीकडे आलं. ठमीने एक डोळा उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटला.