पत्रकातली आश्वासनं आणि आपल्या शहराचा इतिहास

मतदानाआधी आमच्या दारात उमेदवारांच्या पत्रकांचा ढीग साचला होता. १५ जानेवारी २०२६ ला नवी मुंबई महापालिकेचं मतदान होतं ना! बहुतेक पत्रकांत तीन गोष्टी होत्याच. गावठाणातली घरं नियमित करू, चोवीस तास पाणी देऊ, कर वाढू देणार नाही. वाचता वाचता आम्हाला प्रश्न पडला, यातलं नगरसेवकाच्या हातात नेमकं किती?

आधी घरांचं पाहू. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली. पण कुटुंबं वाढत गेली, गावठाणाची हद्द मात्र तेवढीच राहिली. मग लेकासुनांसाठी गरजेपोटी घरं बांधली गेली. त्यांचं धोरण राज्य सरकार ठरवतं, जमिनीचा प्रश्न सिडकोशी जोडलेला. नगरसेविका सभागृहात ठराव मांडू शकते, पाठपुरावा करू शकते. ‘मी नियमित करून देते’ असं तिला म्हणता येत नाही. त्या घरांपर्यंत गटार, दिवाबत्ती, कचऱ्याची गाडी पोचते की नाही, हे मात्र तिला विचारायलाच हवं.

पाण्याची गोष्ट वेगळी. आपली महापालिका १ जानेवारी १९९२ ला कामाला लागली, पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. पुढे तिने खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका मोजक्याच. तेव्हा टोकाच्या गल्लीत पाणी का चढत नाही, याचं उत्तर इथेच मिळायला हवं.

कराचे दरही सभागृहातच ठरतात. पण कर आणि सोयी यांची सांगड सुटली की काय होतं, ते शीळफाट्याकडच्या १४ गावांना विचारा. ती २००७ मध्ये महापालिकेतून बाहेर पडली. मग सोयींची ओढाताण झाली आणि त्याच गावांनी परत घ्या म्हणून मागणी केली. म्हणून नुसतं ‘कर वाढणार नाही’ म्हणणाऱ्याला विचारा, मग खर्च कशातून भागवणार?

मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. तेव्हापासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होते. नळाची तक्रार घेऊन कोणाच्या दारी जायचं, हे आपल्यातल्या कित्येकींना कळेनासं झालं होतं. २०२६ च्या निवडणुकीत १११ जागांपैकी ५६ महिलांसाठी राखीव होत्या. १९९० मध्ये राज्याने ३० टक्के जागा दिल्या, २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. हे काही आपोआप घडलेलं नाही.

बहुतेक प्रभागांत आपल्याला चार मतं द्यायची होती. चौघे निवडून आले की जबाबदारी एकमेकांवर ढकलणं सोपं होतं. म्हणून पत्रक घेऊन कोणी दारात आलं, की चहा जरूर द्या. पण सोबत दोन प्रश्नही ठेवा. हे काम तुमच्या हातातलं आहे का? नसेल, तर ते कोणाकडून आणि कसं करून घेणार?