जास्त प्रथिनं सोसत नाहीत, असा टोळ

विल्यम मॅटसन यांचा १९८० चा आढावा वाचला की एक समज पक्का होतो: पानात नायट्रोजन, म्हणजे प्रथिनं, जितकी जास्त तितकं किड्याचं भलं. १९९३ मध्ये ऑक्सफर्डच्या सिम्पसन आणि राउबेनहायमर यांनी प्रथिनं व कर्बोदकं आलेखाच्या दोन अक्षांवर मांडली, आणि प्रश्नच बदलला. किती नव्हे, कोणत्या प्रमाणात? पण ते टोळ प्रयोगशाळेतले, तयार खाद्य खाणारे. रानातल्यांचं काय? २०१२ मध्ये एरियान सीस आणि सहकाऱ्यांनी इनर मंगोलियाची कुरणं तपासली. मेंढ्यांनी फार चरलेल्या जागी गवतातला नायट्रोजन घटतो, आणि ओइडेलियस एशियाटिकस हा टोळ नेमका तिथेच फोफावतो! (मला आधी वाटलं, आपणच आलेख उलटा वाचतोय.) त्याला कर्बोदकं जास्त लागतात, नायट्रोजनचं खत घातलेल्या गवतावर तो उलट खंगला.