दिनदर्शिकेतील चूक कशी साठते?

यंदा संक्रांत १४ जानेवारीला की १५ जानेवारीला, हा प्रश्न तुमच्या घरी कधीतरी निघाला असेल. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा. तारीख मात्र १२ जानेवारी. हा सण पुढे का सरकतो, हे समजण्यासाठी आपण कालगणनांचा इतिहास पाहू.

निसर्गाने आपल्याला तीन मापे दिली: दिवस, चांद्रमास (सुमारे २९.५३ दिवस) आणि ऋतूंचे म्हणजे सायन वर्ष (सुमारे ३६५.२४२२ दिवस). यांपैकी एकानेही दुसऱ्याला पूर्ण भाग जात नाही. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस होतात. हिजरी कालगणनेने चंद्रच प्रमाण मानला, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. हिब्रू कालगणनेत १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतात. आपल्या चांद्र-सौर पंचांगांत अधिक मास येतो, तोही याच कारणाने.

रोमन ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचे होते. चूक वर्षाला जेमतेम ११ मिनिटांची, पण १२८ वर्षांत तिचा एक दिवस होतो. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १० दिवस वगळले: ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानला गेला. शतकी वर्षांपैकी ४०० ने भाग जाणारीच लीप वर्षे ठरली. गणित बरोबर होते, तरी ब्रिटनने ते १७५२ मध्ये आणि रशियाने १९१८ मध्ये स्वीकारले. रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये साजरी होते, ती यामुळेच.

आता आपल्याकडे वळू. सूर्यसिद्धांतातील वर्ष सुमारे ३६५.२५८८ दिवसांचे, म्हणजे सायन वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. ते ताऱ्यांच्या संदर्भाने मोजले आहे, ऋतूंच्या नव्हे. साठेक वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. आपण उत्तरायण, पोंगल, माघ बिहू साजरे करतो जानेवारीच्या मध्यावर.

ही विसंगती दूर करण्यासाठी १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. देशात तेव्हा सुमारे ३० पंचांगे चालू होती. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. चैत्र ३० दिवसांचा (लीप वर्षी ३१), पुढचे पाच महिने ३१ दिवसांचे, उरलेले सहा ३० दिवसांचे. इतकी सोपी रचना असूनही ती राजपत्रात आणि आकाशवाणीच्या निवेदनात राहिली. सण जुन्याच पंचांगांप्रमाणे ठरत राहिले.

आपण अभियंते चूक सापडली की दुरुस्ती झाली असे समजतो. इथे चूक सापडली, दुरुस्तीही तयार आहे. पण ती लोकांनी स्वीकारावी लागते, कारण तारखेशी श्रद्धा आणि आठवणी जोडलेल्या असतात. काहीच बदलले नाही, तर आणखी तीन हजार वर्षांनी संक्रांत मार्चच्या सुमारास येईल. तेव्हा तीळगूळ वाटताना थंडी नसेल.

स्वाध्याय: तुमची जन्मतारीख राष्ट्रीय दिनदर्शिकेत लिहा. मग स्वतःला विचारा: तुमच्या घरी वाढदिवस त्या तारखेने साजरा करायला कोण तयार होईल, आणि कोण नाही? कारणांसह लिहा.