पासपोर्ट परदेशी, घर पवईत : रिटायर होऊन परत आलेल्या ज्येष्ठांनी नेमकी कशाची काळजी घ्यायची?

पवईच्या हिरानंदानी गार्डन्समध्ये सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या कुठल्याही घोळक्यात जा, एखादा तरी अमेरिकेचा नाहीतर इंग्लंडचा पासपोर्टवाला हमखास सापडतो. बोलतात अस्खलित मराठी, पेपर मराठी वाचतात, भाजीवाल्याशी घासाघीस पण आपल्यासारखीच करतात. तरीही भारत सरकारच्या लेखी हे लोक परदेशी नागरिक आहेत.

पवईतल्या आयआयटीची स्थापना १९५८ सालची. पुढच्या काही दशकांत इथून आणि मुंबईच्या इतर कॉलेजांतून इंजिनिअर, डॉक्टर बाहेर गेले, तिकडेच नोकरी केली आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं, की इथलं आपोआप संपतं. मग साठी-पासष्टी उलटल्यावर यातल्या काहींनी परत यायचं ठरवलं. त्यांच्यासाठी ती घरवापसी असते, पण कायद्याच्या भाषेत ते 'परदेशात राहायला आलेले रिटायर्ड लोक' असतात.

आता तुम्ही म्हणाल, त्यात सुरक्षेचा प्रश्न कुठे आला? आपलंच शहर, आपलीच भाषा. तर प्रश्न नेमका तिथेच आहे. थायलंडला रिटायर होऊन गेलेला माणूस आपण परदेशात आहोत हे विसरत नाही. तिथे रिटायरमेंट व्हिसासाठी वय ५० पूर्ण लागतं, बँकेत ८ लाख बाथ दाखवण्यासारख्या अटी असतात, दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. पवईत परतलेल्या माणसाला मात्र आपण परदेशी आहोत हे रोजच्या जगण्यात जाणवतच नाही. ते जाणवतं एखादं संकट आलं की.

ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही

भारतात रिटायरमेंट व्हिसा नावाचा प्रकारच नाही. मूळ भारतीय लोकांसाठी २००५ च्या दुरुस्तीने ओसीआय कार्ड आलं आणि जानेवारी २०१५ मध्ये जुनी पीआयओ कार्डंही त्यातच विलीन झाली. हे कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. कितीही दिवस राहा, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात म्हणजे एफआरआरओकडे नोंदणी करायची गरज नाही. फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. मतदान करता येत नाही. जुनं मतदार ओळखपत्र ड्रॉवरमध्ये पडलं असेल, तर ते वापरायचं नाही आणि यादीतून नाव काढून घ्यायचं. 'एवढ्याने काय होतंय' म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही.

दोन कामं बहुतेक जण विसरतात. एक, वयाची पन्नाशी पूर्ण झाल्यावर नवा परदेशी पासपोर्ट मिळाला की एकदा, तीन महिन्यांत त्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या पोर्टलवर अपलोड करायचा. दुसरं, भारतात कायम राहत असाल आणि पत्ता बदलला, तर एफआरआरओला ईमेलने कळवायचं. पवईतल्या पवईत घर बदललं तरी पत्ता बदललाच.

कार्ड रद्द होऊ शकतं का? होऊ शकतं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, किंवा सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं, तर नोंदणी रद्द करता येते. पण त्याआधी कार्डधारकाला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, असं नागरिकत्व कायद्यातच लिहिलंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे फोनच्या भानगडीत लागणार आहे.

ज्यांच्याकडे ओसीआय नाही, उदाहरणार्थ परदेशी वंशाचा मित्र किंवा पाहुणा, त्यांचे नियम वेगळे. परदेशी नागरिकाला घरात जागा देणाऱ्याने २४ तासांत ऑनलाईन माहिती भरायची असते. लोक त्याला अजूनही 'सी फॉर्म' म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून यासाठी नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे, १९४६ चा जुना कायदा गेला.

सगळ्यात मोठा खड्डा : फ्लॅट मुलांच्या नावावर

म्हातारपणी मुलांनी सांभाळलं नाही तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, एवढं आता बहुतेकांना माहीत असतं. या कायद्याचं कलम २३ फार कामाचं आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाला बक्षीस दिलं आणि मुलाने पाठ फिरवली, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा, असं सांगितलं.

पण या कायद्यात 'ज्येष्ठ नागरिक' कोण, याची व्याख्या बघा. साठ वर्षं पूर्ण केलेली आणि भारताची नागरिक असलेली व्यक्ती. कलम २३ याच 'ज्येष्ठ नागरिका'बद्दल बोलतं. म्हणजे चाळीस वर्षं न्यू जर्सीत राहून, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन पवईत परतलेल्या आजोबांचं वय ७५ असलं, तरी कायद्याच्या शब्दांत ते 'ज्येष्ठ नागरिक' बसत नाहीत. 'आई-वडील' या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे मुलांकडून पोटगी मागायचा रस्ता पूर्ण बंद होत नाही. पण घर परत मिळवायला कलम २३ वर विसंबून राहणं धोक्याचं. मग उरतो दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता.

आणि महाराष्ट्रात घर बक्षीस देणं किती सोपं आहे? पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. त्यामुळे 'बाबा, पुढची कटकट नको, आत्ताच करून टाकूया' असं घरात सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्याच्या मनात खोट असते असं नाही. पण पवईतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची किंमत डोळ्यासमोर आणा आणि मग सहीचा विचार करा.

आमचं स्पष्ट मत विचाराल तर, परदेशी पासपोर्टवाल्या ज्येष्ठाने हयातीत घर बक्षीस देऊच नये. मृत्युपत्र करावं. ते कधीही बदलता येतं आणि तोवर घर आपलंच राहतं. द्यायचंच झालं तर शेवटपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. तीही स्वतः नेमलेल्या वकिलाकडून, मुलाच्या मित्राकडून नाही.

फोन वाजतो, समोर 'अधिकारी'

डिजिटल अरेस्ट हा शब्द आता नवा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यावर सांगितलं, डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला. मुंबईतच ८६ वर्षांच्या एका आजींना डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात असं अडकवून त्यांच्याकडून २० कोटींहून जास्त रक्कम काढून घेतली गेली.

परदेशी पासपोर्टवाल्यांना घाबरवायला ठगांकडे जास्तीची हत्यारं असतात. 'तुमचं ओसीआय रद्द होतंय', 'एफआरआरओमधून बोलतोय', 'तुमच्या पार्सलमध्ये दोन पासपोर्ट सापडले'. दुसऱ्या बाजूने अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या नावाने फोन येतात. हा दुसरा प्रकार तर आपल्या शेजारचाच. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटर्सवर धाड टाकली, तेव्हा ७०० हून जास्त जणांना ताब्यात घेतलं होतं. तिथून अमेरिकेतल्या लोकांना टॅक्स अधिकारी असल्याचं सांगून लुटलं जात होतं.

व्हिडिओ कॉलवर अटक, हा प्रकार भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. ओसीआय रद्द करायचं तर आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे वर सांगितलंच. आणखी एक तरतूद फारशी कोणी सांगत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार, साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर ६० वर्षांवरच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. इथे नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही, ही तरतूद सगळ्यांना लागू आहे.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. लाज, मुलं काय म्हणतील, उद्या बघू, यात जेवढा वेळ जातो तेवढे पैसे पुढच्या खात्यांमध्ये पसरत जातात. परदेशी नागरिकाची तक्रार घेत नाहीत, हा गैरसमज आहे. गुन्हा इथे घडला तर तक्रार इथेच होते, पासपोर्ट कुठलाही असो.

दार बंद असतं तेव्हा

ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागात एक घटना घडली होती. अमेरिकेतून आलेल्या मुलाने आईच्या फ्लॅटचं दार उघडून घेतलं, तर आत आईचा सांगाडा. शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मधलं. शेजार होता, सोसायटी होती, वॉचमन होता. ही गोष्ट नागरिकत्वाची नाही, पण ज्यांची मुलं सातासमुद्रापार आहेत अशा प्रत्येक घराची आहे. पवईचे टॉवर तसे सुरक्षित. गेटवर गार्ड, ॲपवर एंट्री, लॉबीत कॅमेरा. पण ही सगळी व्यवस्था बाहेरून आत येणाऱ्यावर नजर ठेवते. आत राहणारा चार दिवस बाहेर आला नाही, हे कुठलंही ॲप सांगत नाही.

ते काम माणसांनाच करावं लागतं. एका शेजाऱ्याकडे चावी, रोज ठरलेल्या वेळी मुलाला मेसेज, आणि तो आला नाही तर मुलाने कोणाला फोन करायचा ते आधीच ठरलेलं. परदेशातून ११२ लावून मुंबईचे पोलीस मिळत नाहीत, त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरीचा आणि पवई पोलीस ठाण्याचा थेट नंबर मुलाच्या मोबाईलमध्ये हवा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद मुंबईत पोलीस ठाण्यात करता येते. मुंबई पोलिसांची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १०९० आहे. घरकामाला, देखभालीला ठेवलेल्या माणसाची पोलीस पडताळणी करून घ्यायची, आणि 'आमच्या बाई वीस वर्षांच्या ओळखीच्या आहेत' हे कारण बदली बाईला लागू होत नाही.

दवाखाना आणि पेन्शन

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी किती वेळ जातो ते पवईकरांना सांगायला नको. वर मेट्रो ६ चं काम. म्हणून 'आमचे डॉक्टर दादरला आहेत' हे रुटीन तपासणीपुरतं ठीक, छातीत दुखायला लागलं तर पवईतलंच जवळचं हॉस्पिटल. तिथे आधीच फाईल काढून ठेवलेली बरी.

अमेरिकेचं मेडिकेअर देशाबाहेरच्या उपचाराला साधारणपणे पैसे देत नाही. इथला आरोग्य विमा घ्यायचा तर एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची जुनी वयोमर्यादा उरलेली नाही, पण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे विमा आल्याआल्याच घ्यायला हवा. इंग्लंडची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण तिकडे दरवर्षी होणारी वाढ इथे मिळत नाही, रक्कम गोठते. अमेरिकेची सोशल सिक्युरिटी परदेशात राहणाऱ्यांना ठरावीक काळाने एक प्रश्नावली पाठवते. ती भरून परत गेली नाही तर पैसे थांबतात. सोसायटीच्या पत्रपेटीत महिनोन् महिने पडून राहिलेलं पाकीट किती महाग पडू शकतं, बघा.

शुद्ध हरपली तर व्हेंटिलेटरचा निर्णय कोण घेणार? त्यासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लिव्हिंग विल. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुलगा शिकागोत आणि मुलगी लंडनमध्ये असेल, तर दोघांचं एकमत होईपर्यंत डॉक्टर थांबून राहतात. हा कागद असला की तो खोळंबा बराच टळतो.

दूतावास काय करतो, काय करत नाही

अमेरिकन नागरिकांनी स्टेप नावाच्या मोफत यादीत नाव नोंदवलेलं बरं. मुंबईतला अमेरिकेचा वाणिज्य दूतावास बीकेसीत आहे. अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवा, असं म्हणायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातून मिळतो. पासपोर्ट हरवला तर दूतावास नवा देतो, नातेवाईकांना निरोप पोचवतो. हॉस्पिटलचं बिल मात्र भरत नाही, तुरुंगातून सोडवत नाही आणि फ्लॅटच्या भांडणात पडत नाही.

मृत्यू झाला तर इथला मृत्यू दाखला काढायचा असतोच, शिवाय दूतावासालाही कळवावं लागतं. तिकडची पेन्शन, बँक, विमा सगळं त्या कागदावर अडतं. त्यामुळे पासपोर्ट, ओसीआय कार्ड, मृत्युपत्र कुठे आहे याची एक चिठ्ठी, दूतावासाचा नंबर आणि जवळच्या दोन माणसांची नावं, हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा. ती फाईल बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायलाच मृत्यू दाखला मागतात.