आपलीं नांवें व आडनांवें

या स्मरणिकेसाठीं आम्ही कांहीं लिहावें असें संपादकांनीं सुचविलें, तेव्हां एक प्रसंग मनांत उभा राहिला. आमच्या परिचयाच्या एक वृद्ध भगिनी वारल्या. मिस्साच्या शेवटीं त्यांच्या अंत्यविधीची सूचना वाचली गेली, पण ती त्यांच्या स्नानसंस्काराच्या नांवानें. ज्या बाईंना सारी आळी जन्मभर दुसऱ्याच नांवानें हाक मारीत आली त्या याच, हें ऐकणाऱ्यांच्या ध्यानींच आलें नाहीं. वर्षानुवर्षें त्यांच्या शेजारीं बसून जपमाळ म्हटलेल्या बायकाही स्वस्थपणें घरीं गेल्या. मूठमाती देऊन झाल्यावर बातमी कळली, आणि सायंकाळीं कबरस्थानांत जी रांग लागली तिच्यांत दुःखाइतकीच शरमही होती. दोष कोणाचाच नव्हता. वहींत जें होतें तें वाचलें गेलें. परंतु एका माणसाला दोन नांवें कां असावींत, आणि त्यांतलें खरें कोणतें, हा प्रश्न तेव्हांपासून आम्हांस सोडीत नाहीं.

नागपुरच्या ख्रिस्तसभेंत नांवांची एवढी विविधता कोठून आली हें पाहूं गेल्यास आपल्या मिशनचा इतिहासच डोळ्यांपुढें येतो. संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे धर्मगुरु १८४५ सालीं सॅव्हॉय प्रांतांतून निघाले व १८४६ सालीं विशाखापट्टणास उतरले. त्यांच्याच कार्यक्षेत्रांतून पुढें १८८७ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्या काळीं कामठीच्या छावणींत मद्रास सैन्याच्या पलटणी असत. त्यांच्याबरोबर तमिळ ख्रिस्ती कुटुंबें आलीं, गोऱ्या पलटणींतून आयरिश शिपाई आले. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली आणि पश्चिमेकडील गोमंतकीयांस वाट सुगम झाली. या साऱ्यांत इथल्या मातींतले मराठी लोक मिळाले. म्हणून एखाद्या फर्नांडिसच्या शेजारीं सवरिमुथु, आणि त्याच्या शेजारीं अस्सल वऱ्हाडी आडनांव, असे आपण एकाच बांकावर बसतों.

गोमंतकी व वसईकर आडनांवें ही पोर्तुगीज रक्ताची खूण होय अशी एक समजूत आपल्यांत आहे. ती बहुतांशीं चुकीची आहे. सोळाव्या शतकांत त्या प्रांतांत जे लोक ख्रिस्ती झाले त्यांस स्नानसंस्काराच्या वेळीं धर्मपित्याचें, अथवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचें आडनांव मिळे. धर्मपिता निराळा तर आडनांव निराळें. तेव्हां दोघे सख्खे भाऊ, एक परेरा व दुसरा कार्व्हालो, असें झाल्यास नवल नसे. वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती घेतली. राज्य गेलें, आडनांवें राहिलीं.

अर्थ पाहिले म्हणजे हीं आडनांवें तितकीं परकीं वाटत नाहींत. लोबो म्हणजे लांडगा. आपल्याकडे लांडगे आहेतच. कार्नेरो म्हणजे मेंढा. आपले मेंढे घ्या. फरेरा हें लोखंडाच्या कामावरून निघालेलें, म्हणजे अर्थानें ते आपल्या लोखंड्यांचे भाऊबंद. कार्व्हालो हें ओक वृक्षाचें नांव, जसे आपले पिंपळे. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र. गंमत अशी कीं फर्नांडो हें नांवही मूळचें पोर्तुगीज नव्हे. जर्मन वंशाच्या गॉथ लोकांबरोबर तें त्या देशांत गेलें. ज्यांच्याकडून आपण उसनें घेतलें त्यांच्याकडेही तें उसनेंच होतें!

डिसूजांतील ‘डि’ म्हणजे आपला ‘कर’. सोसा ही पोर्तुगालच्या उत्तरेकडील नदी. तिच्या कांठचे ते डिसूजा. आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांचेंही तसेंच. सॅव्हॉयमधील साल नांवाच्या वाड्यांत १५६७ सालीं त्यांचा जन्म झाला, म्हणून ते ‘सालचे’. भोसल्यांस जर नागपूरकर म्हणतात, तर त्यांस सालकर म्हणण्यास काय हरकत? झेवियर हें नांव तर बास्क भाषेंतील ‘नवें घर’ या अर्थाच्या शब्दांवरून आलें आहे. हें कळल्यापासून कोणी नवघरे भेटले कीं आम्हांस सहजच त्या संताची आठवण होते.

आतां स्नानसंस्काराच्या नांवांकडे वळूं. प्रभूनें शिमोनास दिलेलें नांव अरामी भाषेंत केफा, म्हणजे खडक. शुभवर्तमानांत ग्रीक वाचकांसाठीं त्याचें पेत्रस झालें. उच्चार सोडला, अर्थ राखला. पुढें मात्र उलट चाल पडली. उच्चार जपला जाऊं लागला आणि अर्थ वाटेंत सांडला. पेत्रसचा कोंकणींत पेद्रू झाला, पण पेद्रूला खडक कोठें ठाऊक? आपण विजय आहों हें किती विन्सेंटांस माहीत असेल? फेलिक्स म्हणजे सुखी, लूसी म्हणजे ज्योति, मार्गारेट म्हणजे मोती, थिओडोर म्हणजे देवदत्त. स्तेफन म्हणजे मुकुट. मराठींत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या आडनांवांतही तो मुकुट आहेच. तमिळ बंधूंनीं मात्र अर्थाची वाट सोडली नाहीं. वेलांकणीच्या आरोग्यमातेवरून त्यांनीं आरोक्यसामी हें नांव घडविलें, आणि झेवियरला मोत्याची जोड देऊन सवरिमुथु केलें.

घरचें नांव हिंदु व देवळांतलें तेवढें ख्रिस्ती, असें आपलीं वडीलधारीं माणसें म्हणत. प्रारंभीच्या ख्रिस्त्यांचा असा आग्रह दिसत नाहीं. रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायांत प्रेषित पौल फीबीची शिफारस करतो व हर्मेसास सलाम कळवितो. हीं दोन्ही नांवें ग्रीक पुराणांतलीं. इसिदोर म्हणजे मिसर देशाच्या इसिस देवीचें दान, आणि त्याच नांवाचा संत शेतकऱ्यांचा कैवारी झाला. खुद्द पौलासही दोन नांवें होतीं, यहुदी लोकांत शौल व रोमी जगांत पौल. धर्मांतराच्या दिवशीं एक पुसून दुसरें लिहिलें असें प्रेषितांच्या कृत्यांत कोठेंही नाहीं. उलट उदाहरणही सांगितलें पाहिजे. ५३३ सालीं पोप झालेल्या मर्क्युरिअस यांस रोमी देवाचें नांव त्या आसनावर शोभेना, म्हणून त्यांनीं योहान हें नांव घेतलें. पोपनें नांव बदलल्याचें हें पहिलें उदाहरण होय.

आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें तें आपल्याच देशांतलें. त्रावणकोरच्या दरबारांतील नीलकंठ पिल्लै यांनीं १७४५ सालीं स्नानसंस्कार घेतला. त्यांस लाजरस हें नांव मिळालें. मूळ इब्री नांवाचा अर्थ ‘देवानें साहाय्य केलें’ असा आहे. तेथील भाषेंत त्याचें देवसहायम् झालें. १७५२ सालीं ते रक्तसाक्षी झाले, व १५ मे २०२२ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें. भाविक त्यांचा धांवा करतात तो देवसहायम् म्हणूनच. हें नांव ऐकून मराठी माणसास अर्थ विचारावा लागत नाहीं.

धर्मसभेचा नियमही पाहण्याजोगा आहे. १९१७ च्या धर्मविधिसंग्रहाच्या ७६१व्या कलमांत ख्रिस्ती नांव देण्याविषयीं धर्मगुरूंनीं दक्ष राहावें असें म्हटलें होतें. तें न साधल्यास आईबापांच्या नांवास संताचें नांव जोडावें, आणि दोन्ही वहींत नोंदावीं. १९८३ च्या संग्रहाचें ८५५वें कलम अधिक सैल आहे. ख्रिस्ती भावनेस परकें असें नांव देऊं नये, एवढेंच तें सांगतें. देवदत्त, ज्योति व विजय यांस वहींत यावयास आज कोणती अडचण उरली?

त्या वृद्ध भगिनींची नोंद आम्ही मागाहून पाहिली. एकच नांव होतें. घरचें नांव लिहून ठेवण्याजोगें त्या काळीं कोणास वाटलें नसावें. आमची धर्मग्रामांतील कुटुंबांस विनंति आहे कीं त्यांनीं आपल्या घरांतील वडील माणसांचीं हाक मारण्याचीं नांवें एका कागदावर लिहून या महोत्सवाच्या वर्षांतच कार्यालयांत आणून द्यावींत. माणसें आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.

बाईंच्या मुलांनीं आतां कबरीवर दगड बसविला आहे. वर स्नानसंस्काराचें नांव, खालीं घरचें. कोणत्या नांवाचीं अक्षरें मोठीं असावींत यावरून भावाभावांत थोडा वाद झाला. शेवटीं पाथरवटानें जागा मोजून दोन्ही सारखींच कोरलीं.