कार्पेटवरचा डाग

२००५ साली रेडिंगमधली भाड्याची जागा सोडली तेव्हाची गोष्ट. ९०० पौंड डिपॉझिट घरमालकाकडे होतं. आदल्या रात्री बायकोने ओव्हन घासला, मी खिडक्या पुसल्या. महिन्याभराने चेक आला तो ३५० चा! सोबत एक ओळ: कार्पेट बदलावं लागलं.

तो डाग आमच्या आधीचा होता हो! पण ना फोटो, ना यादी. दाद मागायची तर कोर्टाची फी आधी भरा. नवी नोकरी, कडेवर पोर... दिले सोडून.

तेव्हा इंग्लंडमध्ये डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात जाई आणि भाडेकरू मागे हेलपाटे घाली. शहाणी मंडळी शेवटच्या महिन्याचं भाडंच बुडवत. सिटिझन्स ॲडव्हाइसकडे तक्रारींचा ढीग होता; १९९८ मध्ये त्यांनी यावर अहवालच काढला. २००० साली सरकारने ऐच्छिक योजना आणून पाहिली. पण ज्याला पैसे दाबायचे आहेत तो कशाला आपणहून येतोय? शेवटी २००४ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये सक्ती आली आणि ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाली. डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत नोंदवायलाच हवं. मुदत आधी १४ दिवसांची होती, २०१२ पासून ३० दिवसांची. नाही नोंदवलं तर डिपॉझिटच्या तिपटीपर्यंत रक्कम भाडेकरूला द्यावी लागू शकते.

२०१३ मध्ये आम्ही पुन्हा घर बदललं. पुन्हा कार्पेट! या वेळी इस्त्रीचा डाग आमचाच होता, खोटं कशाला बोलू? मालकाने नव्या कार्पेटचे ३०० पौंड मागितले. प्रकरण योजनेच्या लवादाकडे गेलं. फी नाही, वकील नाही, सगळं कागदांवर. लवादाने मालकाला विचारलं, कार्पेट किती जुनं? आठ वर्षांचं. मग जुन्याच्या बदल्यात नवं मिळणार नाही, वापराने होणारी झीज मालकाचीच. ४० पौंड कापले, बाकीचे परत आले. ते ४० मी आनंदाने दिले.

पैशांपेक्षा मला एक फरक मोठा वाटतो. २००५ मध्ये डाग माझा नाही हे मी सिद्ध करायचं होतं. आता तो भाडेकरूचा आहे हे मालकाने सिद्ध करायचं. डिपॉझिट भाडेकरूचंच, मालकाला त्यातलं काही हवं असेल तर कारण दाखवावं लागतं. २०१९ पासून इंग्लंडमध्ये मर्यादाही आहे: वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं.

तुमच्यापैकी कोणाचं मूल तिकडे शिकायला निघालं असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवा. मालकाच्या राहत्या घरातल्या खोलीला हे संरक्षण नाही. आणि किल्ली हातात आली की सामान उघडायच्या आधी कार्पेटचे फोटो काढायचे!