हुकमाने न उठलेले बंड

पराभूत राष्ट्रात जेत्यांविरुद्ध बंड का उठते, याची चर्चा पुष्कळ होते. ते का उठत नाही, याचा विचार क्वचितच होतो. १९४५ सालचा जर्मनी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तयारी नव्हती असे नव्हे. १९४४ च्या उत्तरार्धात हिमलरने शत्रूच्या पिछाडीवर छापे घालण्यासाठी ‘वेअरवोल्फ’ ही गुप्त संघटना उभारली. २५ मार्च १९४५ रोजी तिच्या हस्तकांनी आखेनचे महापौर फ्रान्झ ओपनहॉफ यांची हत्या केली. अमेरिकनांनी दिलेले पद स्वीकारले, हाच त्यांचा अपराध! १ एप्रिलला गोबेल्सच्या नभोवाणीने अवघ्या जनतेला या लढ्याची हाक दिली. आल्प्समध्ये शेवटचा गड लढविला जाईल, अशी धास्ती आयसेनहॉवर यांनाही होती.

पण झाले काय? ३० एप्रिलला हिटलरने आत्महत्या केली. ५ मे रोजी डोनिट्झने पश्चिमेकडील या कारवाया थांबविण्याचा हुकूम काढला आणि ८ मे रोजी शरणागती झाली. पुढे तुरळक घातपात घडले. बंड मात्र उभे राहिले नाही.

गनिमी काव्यास तरुण हात लागतात. ते लाखोंनी बंदिवासात होते. बाहेरचा आश्रय व शस्त्रे लागतात; भोवताली एकही मित्र उरला नव्हता. पश्चिमेकडील जर्मनांना अमेरिकनांपेक्षा रशियनांचे भय अधिक होते. उद्ध्वस्त शहरांतून लोक भाकरी व कोळसा शोधत होते. सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, लपणाऱ्याला दार उघडणारी प्रजा लागते. वेअरवोल्फने त्या प्रजेवरच शस्त्र धरले. २८ एप्रिलला बव्हेरियातील पेन्झबर्ग येथे, आपली खाण विध्वंसातून वाचवू पाहणाऱ्या गावातील १६ जणांचे बळी घेतले गेले. त्यांपैकी काहींना फासावर चढविले ते वेअरवोल्फच्याच टोळीने.

२००३ साली इराकमधील उठावाची भीती अनाठायी ठरविण्यासाठी अमेरिकन नेत्यांनी याच वेअरवोल्फचा दाखला दिला. तो फसवा ठरला. संघटनेचे नाव त्यांनी आठवले. ती ज्या परिस्थितीत निष्फळ झाली, ती परिस्थिती मात्र विसरले.

आम्ही कचेरीतील माणसे हुकमाची ताकद रोज पाहतो, तशी त्याची मर्यादाही पाहतो. हुकमाने संघटना उभी राहते, हत्याही घडते. परंतु परक्या सत्तेशी वर्षानुवर्षे झुंजण्याची जिद्द लोकांच्या मनातूनच यावी लागते. जर्मनीत ती नव्हती. म्हणूनच जे हुकमाने जन्मले, ते हुकमाबरोबरच संपले.